निसारची बोटं आणि माझे कान

ता. २६ एप्रिल १९३५
नवं क्लार्नेट पंच्याऐंशी रुपयांना पडलं. हे पावतीप्रमाणे. खरा हिशेब निराळा. त्यासाठी मुंबईला दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या खेपेला दाखवलेल्या क्लार्नेटची एक चावी सैल होती आणि ती फक्त मला ऐकू आली. दुकानदार म्हणाला, "शेट, तुम्ही गिऱ्हाईक की डॉक्टर?" येताना गाडीत छत्री राहिली. वर बायकोचा, झुंबरचा, अबोला, कारण यंदा तिच्या पाटल्या व्हायच्या होत्या. अबोल्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही, पण रोज आमटी अळणी होते त्यावरून अंदाज येतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर माझ्या बँडचा क्लार्नेटवाला रहेमान मुंबईला बोलपटाच्या कंपनीत गेला. जाताना स्वतःचं वाद्य घेऊन गेला, म्हणजे बँडचा गळाच नेला. त्याच्या जागी कादरमियांनी आपला शागीर्द निसार पुढे केला. कादरमिया म्हणजे बँडचे आणि माझेही उस्ताद. पूर्वी कॉर्नेट वाजवत. पुढचे दात गेल्यावर फुंकणं संपलं, आता शिकवतात आणि वरातीत झांज धरतात. निसार दोन वर्षं मागच्या ओळीत दुसरं क्लार्नेट वाजवत होता. मागच्या ओळीतलं कोण ऐकतो? पहिल्या जागेवर तो पक्का झाला की कादरमिया त्याला आपली लेक शकीला देणार आहेत, हे सगळ्या मंडळींना ठाऊक आहे.

मला नोटेशन वाचता येत नाही आणि त्याची लाजही नाही. मी लग्नांतून डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारा माणूस. वर उजेड, खाली अंधार, कानाशेजारी बँड. तिथेच शिकलो. आज नाशकात कुणालाही विचारा: गंगाधरच्या डोळ्यांना पट्टी बांधा, दोन सूर ऐकवा, तो वाजवणाऱ्याचं नाव सांगेल. सिन्नरला पैज लावून सांगितलं होतं.

ता. २९ एप्रिल
वखारीत पहिली तालीम. वकील वेणीमाधवरावांच्या मालिनीचं लग्न बावीस मेला आहे. जावई सिन्नरचे, नाटकाचे शौकीन. त्यांच्या आवडीचं एक पद वरातीत वाजलंच पाहिजे अशी वकिलांची अट. पदात तिसऱ्या ओळीला एक लांब तान वरून खाली येते. तीच सगळी मजा. आणि तिथेच निसार अडखळतो.

चूक नेमकी कुठे होते ते कळावं म्हणून मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहिलो. दोन वेळा ऐकलं आणि सापडली. उजव्या हाताची अनामिका उशिरा उठते. म्हटलं, "निसार, बाकी सगळं सोड, त्या बोटाकडे लक्ष दे."

"जी, शेट."

त्याने लक्ष दिलं. मग मधलं बोटही अडकायला लागलं. म्हणजे रोग पसरतोय. वेळेवर धरला हे बरं.

ता. ३० एप्रिल
निसारला गरम पाण्यात हात बुडवायला लावले, मग खोबरेल चोळलं. मग एक युक्ती काढली: प्रत्येक सुराआधी कुठलं बोट उचलायचं ते मी मोठ्याने सांगायचं. "तिसरं! पहिलं! दोन्ही!" पाचव्या बोटाला तो थांबला आणि आपल्या हातांकडे असा बघायला लागला, जणू ते कुणाकडून उसने आणलेत.

घरी ही हकीगत सांगितली आणि झुंबरचा अबोला सुटला. ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आई दारात उभ्या राहिल्या की माझी भाकरी थापताना चिरायची. त्या देवळात गेल्या की तीच भाकरी चेंडूसारखी फुगायची."

मी म्हटलं, "भाकरीचा आणि क्लार्नेटचा काय संबंध?"

"काही नाही. जेवा."

आमटीत मीठ होतं.

ता. ३ मे
पंचवटीत मुंजीचं काम. लहान काम होतं, पण मी कुठलंच काम लहान समजत नाही. मिरवणुकीत निसारच्या पुढे उलटा चालत राहिलो, तोंड त्याच्याकडे, कान वाद्याजवळ, हातात छडी. चूक झाली की छडी मांडीवर आपटायची, म्हणजे त्याला तिथल्या तिथे कळावं. पहिल्याच चौकात क्लार्नेटातून कोंबडी दाबल्यासारखा आवाज निघाला. गल्लीतल्या पोरांनी तो लगेच उचलला आणि मुंज लागेपर्यंत सोडला नाही.

पुढे आणखीच नवल. सगळा बँड उजवं पाऊल टाकतोय आणि निसार डावं. मी ओरडलो, "पाय!" त्याने पाय बदलला, तर श्वास चुकला. श्वास धरला, तर बोटं गेली. अंगातला कोट घामाने काळा झाला. बोटांचा रोग पायांत उतरला म्हणायचा. ते पाहण्याच्या नादात मी स्वतः मागे बसलेल्या गाईवर आदळलो.

परतताना कादरमिया म्हणाले, "शेट, वरातीत तुम्ही जरा पुढे चाला ना."

"पुढेच चालतो की."

"तसं नाही. तोंड पुढे करून."

थट्टा करायची ही वेळ आहे का?

ता. ५ मे
मन घट्ट करून निसारला बसवून सांगितलं. वकिलांच्या लग्नात चाळीस माणसं जेवायला आणि चारशे ऐकायला असणार, त्यात निम्मी सिन्नरची. तिथे फजिती झाली तर पुढचा सगळा हंगाम विंचूरच्या बँडकडे जाईल. "आठवड्यात तान बसली नाही तर क्लार्नेट दुसऱ्याच्या हातात देईन. तुला झांजेवर घेईन, उपाशी ठेवणार नाही."

तो म्हणाला, "जी, शेट." मग उठता उठता, "झांजेवाल्याला कादरचाचा मुलगी देतील?"

मी म्हटलं, "कादरमिया स्वतः झांजच वाजवतात की!"

विनोद चांगला होता. तो हसला नाही.

मुलगा गुणी आहे. रोज सगळ्यांच्या आधी येतो, वखार झाडतो, दुसऱ्यांच्या वाद्यांच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पत्त्या पाण्यात भिजवून ठेवतो. वाईट वाटतं. पण कानाला खोटं बोलता येत नाही.

ता. ८ मे
वकिलांकडे बोलणी. माडीवर लग्नघरातल्या बायका जमल्या होत्या, लाडू चालले होते. वकील म्हणाले, "गंगाधरशेट, तुम्ही म्हणे बत्तीवाल्यापासून चढलात." मी म्हटलं, "अजूनही डोळे मिटून गॅसबत्ती पेटवीन." झालं! वरून मालिनीबाईच म्हणाल्या, "मग दाखवा ना!" सगळ्या कठड्याशी आल्या.

मेंटल म्हणजे रेशमी जाळीचं बोंडूक. ते बांधायचं, जाळायचं, हवा भरायची, एवढंच काम. हजार वेळा केलंय. पहिलं मेंटल बांधतानाच फाटलं. दुसऱ्याला काडी लावताना बोट लागून राख झाली. तिसऱ्या वेळी पंपाची कळ उलटी फिरवली आणि घासलेट धोतरावर आलं. माडीवरून हसू. हल्ली मेंटलं फार निकृष्ट येतात. पूर्वीचा माल राहिला नाही.

घरी येऊन त्याच पुडक्यातलं चौथं मेंटल अंधारात बांधलं, बत्ती पेटवली, झुंबरला दाखवली. म्हटलं, "बघ. पुडक्यात एखादंच बरं निघतं."

ती म्हणाली, "धोतर भिजत घाला."

ता. १० मे
आज एक मोठीच गोष्ट घडली.

संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे कादरमियांचं अंगण. तिकडून क्लार्नेट ऐकू आलं. आधी सहज, जनावर चरत चरत जावं तसं, इकडचा सूर, तिकडचा सूर. मग तेच पद, आणि तिसरी ओळ. तान वरून सुटली आणि एकेक सूर स्वच्छ, टपोरा, खाली आला. मी पानाचा विडा तोंडात तसाच धरून उभा राहिलो. मध्ये एकदा कुणी पोरगी हसली, तेव्हा वाजवणाऱ्याने तिच्या हसण्याचीच नक्कल वाद्यातून केली. बोटांत इतकी मस्ती!

भिंत उंच आहे, दिसलं काही नाही. पण कान पुरेसे आहेत. हा माणूस नाशकातला नाही. नाशकातला असता तर ओळखला असता.

ता. ११ मे
सकाळीच कादरमियांना गाठलं. "काल तुमच्या अंगणात कोण वाजवत होता?"

त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "का? बरा नाही वाजवला?"

"बरा? मला तो हवाय. वकिलांच्या लग्नाला हवाय. कुठला?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "देवळा गावाकडचा आहे, शेट. पाहुणा."

"नाव काय?"

"नावाचं काय, कामाच्या दिवशी कळेल. पण पोरगा फार लाजाळू. मालक समोर असला की वाजवत नाही."

"हे कसलं सोंग?"

"सोंग नाही, शेट. स्वभाव. काम करायला तयार होईल, पण तुम्ही आधी बघायला यायचं नाही. आणि वरातीत तुम्ही मागे चालायचं, घोड्याच्याही मागे. पुढचं मी बघतो."

गुणी लोकांचे नखरे असतातच. मी कबूल झालो. निसारबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्याचं नशीब तो बघेल." स्वतःच्या होणाऱ्या जावयाबद्दल इतकं कोरडं बोलणं मला आवडलं नाही.

ता. १२ मे
निसारकडून नवं क्लार्नेट परत घेतलं. म्हटलं, "देवळ्याचा एक उस्ताद येतोय, त्याला द्यायचंय. तू जुनं घेऊन मागच्या ओळीत उभा राहा." मला वाटलं, रडेल. त्याने फडक्याने पुसून दोन्ही हातांनी दिलं आणि ओठ दाबून खाली बघत राहिला. खांदे हलत होते. रडणं गिळत होता बिचारा.

वाद्य कादरमियांकडे पोचवलं.

ता. १४ मे
संध्याकाळी गच्ची. आता देवळ्याच्या उस्तादाच्या हातात नवं वाद्य. अखेर वाद्याला माणूस मिळाला. झुंबरलाही बोलावलं. म्हटलं, "ऐक, याला म्हणतात बोट." तिने पदर तोंडाला लावला. एवढी भारावली, की तिला बोलवेना.

ता. १५ मे
एक बारीक गोष्ट कानाला लागली ती नोंदवतो. उतरत्या तानेच्या आधी हा देवळ्याचा माणूस एक छोटा, चोरटा श्वास घेतो. निसारही तसाच घेतो. म्हणजे ती कादरमियांच्या शिकवणीची खूण. देवळ्याकडेही त्यांचे शागीर्द असणार. अशी गोष्ट दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती.

ता. १७ मे
साखरपुड्याचं काम. निसार जुनं क्लार्नेट घेऊन मागे. माझं लक्ष पुढच्यांकडे होतं, पण निघताना जाणवलं, की मागून सुरांचा भरणा चोख होता, पाऊलही बरोबर. आता जागा गेल्यावर याची बोटं चालायला लागली! काय न्याय आहे! म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. उगाच जखमेवर मीठ.

ता. २० मे
न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर चारशे माणसांसमोर जायचं. आज दाढी करताना दोनदा कापलं. वस्तरा बोथट झालाय.

झुंबर म्हणाली, "तुम्हाला उद्या-परवाची धाकधूक वाटत असेल."

मी म्हटलं, "मला? या हाताला आजवर कंप ठाऊक नाही."

गालाला तुरटी लावली.

ता. २३ मे
काल काही लिहिणं झालं नाही. आज सगळं मांडतो.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. वरात निघाली. ठरल्याप्रमाणे मी मागे, घोड्याच्या शेपटीपाशी, बत्तीवाल्यांच्या रांगेत. त्या रांगेत इतक्या वर्षांनी चाललो. पुढचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकत होतो. देवळ्याच्या पोराने पद उचललं आणि तिसरी ओळ अशी सोडली, की जावईबापू घोड्यावर बसल्या बसल्या "वाहवा" म्हणाले. वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान अशी हलवली, जणू हे रोजचंच.

रविवार कारंज्यावर समोरून दुसरी वरात आली. बँड विंचूरचा. आमच्यात रीत अशी, की दोन बँड समोरासमोर आले तर कुणीच वाजवणं थांबवायचं नाही. ज्याचा सूर आधी तुटेल त्याने बाजूला होऊन वाट द्यायची. एकदा वाट दिली, की वर्षभर गावात तेच ऐकावं लागतं.

त्यांचे ढोल मोठे. पहिल्या दणक्यात आमचे कॉर्नेटवाले बुडाले. आमच्या बाजूने फक्त क्लार्नेट शिल्लक राहिलं, सगळ्या गदारोळावर एकटं, ताठ. तेच पद. तान उतरली. पुन्हा वर जाऊन उतरली. तिसऱ्यांदा दुप्पट वेगाने. लोक ओट्यांवर चढले. विंचूरचा एक ढोल ताल चुकला, त्याच्यामागे दुसरा चुकला.

मी अट विसरलो. घोडा, करवल्या, वकील, सगळ्यांना बाजूला करत पुढे धावलो. देवळ्याच्या त्या पोराला मिठी मारायची होती, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

पहिल्या ओळीत निसार होता. नवं क्लार्नेट त्याच्या तोंडाला. डोळे मिटलेले, खांदे मोकळे, पाय आपोआप तालावर. मी मूर्खासारखा अजून मागे बघतोय, की देवळ्याचा कुठे आहे?

तेवढ्यात निसारने डोळे उघडले आणि मला पाहिलं.

पंचवटीतली कोंबडी परत आली. तीच, त्याहून मोठी. पाय डावा पडला. खांदे कानांपर्यंत वर गेले. विंचूरवाले हसले, त्यांच्या म्होरक्याने हात वर केला आणि त्यांचे ढोल सावरून पुन्हा दणाणले. आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, "गेलं रे, गेलं!"

निसारची नजर माझ्या तोंडावर. माझ्या कानांवर. तेव्हा मला काय समजलं आणि कुठल्या क्रमाने समजलं, ते नीट सांगता येणार नाही. भाकरी आठवली. माडीवरच्या बायका आठवल्या, धोतरावरचं घासलेट आठवलं. कादरमिया झांज न थांबवता नुसत्या मानेने मला खुणावत होते: वळा, वळा.

मी वळलो. तेवढं पुरेसं वाटेना. म्हणून रविवार कारंज्यावर, वकिलांच्या, सिन्नरकरांच्या आणि अख्ख्या विंचूरच्या बँडच्या देखत, मी गंगाधर बँडवाला, दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहिलो. कोपर लांब बाहेर काढून, म्हणजे त्याला मागून दिसावं.

पुढची तान मी ऐकली नाही. पाहिली. समोरच्या माणसांच्या तोंडांवर पाहिली. आधी विंचूरच्या कॉर्नेटवाल्याने वाद्य खाली घेऊन ओठ पुसले. मग एकेक ढोल खांद्यावरून उतरला. मग त्यांचा म्होरक्या मला हात जोडून बाजूला झाला आणि त्यांची वरात हलवायाच्या दुकानाकडे सरकून उभी राहिली. आमचा बँड माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेला. निसार जाताना माझ्या कोपराला त्याचा कोट घासला, तेव्हा कळलं, की कोट कोरडा आहे.

मी बोटं काढली नाहीत. बत्तीवाले आले, त्यांच्याबरोबर चालू लागलो.

ता. २४ मे
सकाळी कादरमिया मिठाई घेऊन आले. निसार मागे, दाराबाहेरच थांबलेला.

"शेट, रागावलात?"

"देवळ्याच्या उस्तादाला आत बोलवा," मी म्हटलं. निसार आत आला आणि उंबऱ्याला ठेचकाळला. मी चटकन खिडकीबाहेर बघायला लागलो. मग तो नीट येऊन बसला.

म्हटलं, "पहिली जागा तुझी. तालमीला मी येणार नाही. आलो तर बाहेर बसेन."

"थोडं लांब बसा, शेट," तो म्हणाला. चार वाक्यं एका दमात बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं: शकीलाने हट्ट धरला म्हणून अंगणात वाजवायला बसला होता, मी गच्चीवर असतो हे ठाऊक नव्हतं, नंतर कादरचाचांनी सांगितलं, पण तोवर मी दुसऱ्याच कुणाला ऐकतोय हे कळल्यामुळे भीती वाटेनाशी झाली. वाद्य परत देताना खांदे हलले ते हसण्याने, हेही त्याने खाली मान घालून सांगितलं.

निकाह पुढच्या महिन्यात. बँड आमचाच, पण नवरदेवच पहिला क्लार्नेटवाला, तेव्हा त्या दिवशी वाजवणार कोण, यावर कादरमिया आणि मी तासभर भांडलो.

ते गेल्यावर झुंबरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्या पहिल्याच संध्याकाळी. मी ओळखलं, शेजारच्या सिंधुबाईने ओळखलं, दूधवाल्यानेही ओळखलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे कान तिखट. म्हटलं, ओळखलंच असेल."

दहा-बारा संध्याकाळी मी गच्चीवर बसून ऐकलं. मी ओळखलं नव्हतं.